नोंद नसलेल्यांची जबानी

मारियाना हे फ्लॉरिडा राज्याच्या उत्तरेकडील एक लहान गाव. १ जानेवारी १९०० रोजी सरकारने तेथे मुलांसाठी एक सुधारगृह उघडले. वाट चुकलेल्या मुलांच्या हाताला काही कसब आणि मनाला काही वळण लावून त्यांना समाजात परत पाठवावे, हा त्यामागचा जाहीर हेतू होता. परंतु तीनच वर्षांनी पाहणीसाठी गेलेल्या सरकारी तपासनिसांना तेथल्या मुलांच्या पायांत बेड्या आढळल्या, आणि तरीही ती संस्था, नावे बदलीत व अधूनमधून चौकशांना तोंड देत, २०११ पर्यंत चालू राहिली. आवारात 'व्हाइट हाउस' या नावाने ओळखली जाणारी एक छोटी पांढरी इमारत होती. तेथे मुलांना चामड्याच्या पट्ट्याने मारीत आणि ओरडणे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून एक मोठा पंखा चालू ठेवीत, असे तेथून जिवंत परतलेल्या अनेकांनी वार्धक्यात सांगितले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचे विभाग कित्येक दशके वेगळे होते, आणि दफनभूमी होती ती कृष्णवर्णीयांच्या बाजूला. तेथे ३१ क्रूस उभे होते. कोणत्या क्रूसाखाली कोण, हे दप्तर सांगत नव्हते. २०१२ पासून साउथ फ्लॉरिडा विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ एरिन किमरले यांच्या पथकाने ती जमीन तपासली, पुढे खोदली, तेव्हा ५५ दफने निघाली, आणि त्यांतली पुष्कळशी त्या क्रूसांच्या ओळींबाहेर, झाडाझुडपांत आणि रस्त्याखालीसुद्धा होती.

ज्यांची हाडे अशी वर आली त्यांच्या नातलगांचा शोध घेता घेता २०१३ साली राज्याच्या महाअधिवक्त्यांच्या कचेरीने टॅनानारिव ड्यू या कादंबरीकर्तीला कळवले की, त्यांच्या आईचे एक काका, रॉबर्ट स्टीव्हन्स, १९३७ साली, वयाच्या १५ व्या वर्षी, त्या सुधारगृहात मरण पावले होते आणि बहुधा तेथेच पुरलेले होते. ड्यू यांनी हे नावही पूर्वी ऐकलेले नव्हते. येथे वाचकाने क्षणभर थांबावे, कारण हे घराणे काही आपला इतिहास झाकून ठेवणारे नव्हे. ड्यू यांच्या मातोश्री पॅट्रिशिया स्टीव्हन्स ड्यू या नागरी हक्कांच्या लढ्यातील नामांकित कार्यकर्त्या. १९६० साली टॅलाहासी येथे केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या टेबलापाशी बसल्याबद्दल झालेला दंड भरण्याचे नाकारून त्यांनी ४९ दिवस तुरुंगात काढले, आणि मोर्चात पोलिसांनी सोडलेल्या अश्रुधुराने डोळे अधू झाल्यामुळे त्यांना जन्मभर काळा चष्मा वापरावा लागला. अशा, अन्यायाचे स्मरण हेच ज्यांचे व्रत होते त्या घरातूनदेखील एक मुलगा पूर्णपणे पुसला गेला होता. आई २०१२ साली निवर्तल्या होत्या, तेव्हा विचारायचे कोणाला, हाही प्रश्नच होता.

ड्यू यांचा व्यवसाय भयकथा लिहिण्याचा. या मुलाचे चरित्र लिहावे तर कागद नव्हते. जे होते ते सुधारगृहाच्याच अधिकाऱ्यांनी ठेवलेले, म्हणजे आरोपीने लिहिलेला पंचनामा. तेव्हा त्यांनी दहा वर्षे खपून २०२३ साली 'द रिफॉर्मेटरी' ही भुतांची कादंबरी प्रसिद्ध केली. काळ १९५०, गाव ग्रेसटाउन, हे मारियानाचेच कल्पित रूप, नायक बारा वर्षांचा रॉबर्ट. बहिणीची छेड काढणाऱ्या एका श्रीमंत गोऱ्या मुलाला त्याने लाथ मारली, एवढ्यावरून न्यायाधीश त्याला सहा महिन्यांसाठी सुधारगृहात धाडतात. रॉबर्टला मृत माणसे दिसतात, आणि त्या आवारात ती पावलोपावली आहेत: आगीत जळालेली, मार खाऊन मेलेली, पळता पळता पकडली गेलेली, आणि सारी त्याच्याच वयाची. परंतु या पुस्तकाचे मर्म पुढे आहे. सुधारगृहाचा अधीक्षक हॅडॉक याला रॉबर्टच्या या शक्तीचा सुगावा लागतो, आणि तो त्या मुलाला भुते पकडून देण्याच्या कामाला लावतो. ज्याने त्यांना मारले त्यालाच त्यांचे तेथे असणे असह्य होते. साध्या भयकथेत आपण भुताला भितो. येथे रॉबर्टसाठी मेलेल्या मुलांपेक्षा जिवंत अधीक्षक कितीतरी भयंकर आहे, आणि त्या अधीक्षकाला भय वाटते ते साक्षीदाराचे. त्या मुलांच्या ठायी भूत म्हणजे कोणत्याही कचेरीत कधीच दाखल करून न घेतलेली फिर्याद आहे.

ही कादंबरी प्रकाशकाने प्रौढ वाचकांच्या यादीत घातली आहे, हे सांगितले पाहिजे. परंतु गेल्या आठ-दहा वर्षांत अमेरिकेत कुमारवयीन वाचकांसाठी, म्हणजे साधारणपणे बारा ते अठरा या वयासाठी, जे भयसाहित्य निर्माण झाले आहे, त्यातील उत्तम पुस्तकांचे आणि या कादंबरीचे गोत्र एकच आहे. वर्णद्वेष आणि त्याने मनावर पिढ्यानपिढ्या उमटवलेले आघात हा विषय मुलांच्या हाती भुताखेतांच्या रूपाने का द्यावा, असा प्रश्न सुजाण पालकाच्या मनात येईल; तो येणे योग्यच आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेच्या दक्षिणेत भूत ही गोष्ट प्रथमपासूनच राज्यकारभाराशी निगडित होती. ग्लॅडिस-मरी फ्राय या लोकसाहित्याच्या अभ्यासिकेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पूर्वी गुलाम असलेल्यांच्या जबान्या आणि त्यांच्या वंशजांच्या आठवणी तपासून, असे दाखवून दिले आहे की, गुलामांनी रात्री मळ्याबाहेर पडू नये, एकत्र जमू नये, पळून जाऊ नये यासाठी मालक लोक भुतांच्या अफवा हेतुपुरस्सर पसरवीत, आणि गस्तीवाले पांढरी वस्त्रे पांघरून अंधारात हिंडत. यादवी युद्धानंतर टेनेसीतील पुलास्की येथे जी कू क्लक्स क्लॅन ही संघटना जन्मास आली तिने हीच युक्ती पुढे चालवली. तिचे स्वार आपण लढाईत पडलेल्या सैनिकांची प्रेते आहोत असे भासवीत, मध्यरात्री एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या दारी घोडा थांबवून पाणी मागत, आणि वस्त्राखाली दडवलेल्या पिशवीत नळीने बादलीभर पाणी ओतून, मेल्यापासूनची तहान आज भागली, असे सांगत. फ्राय यांच्या जबान्यांतून जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली ती ही की, दारात उभ्या असलेल्यांपैकी कित्येकांना ते सोंग पुरते कळत होते. ते थरथरत होते खरे, पण वस्त्राखालच्या माणसाला, त्याच्या हातातल्या चाबकाला, त्याच्या पाठीशी असलेल्या न्यायालयाला.

आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा सर्वांना ठाऊक आहे: मुंज झालेला आणि सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा. लहानपणी त्याच्या गोष्टी ऐकताना तो झाडाखालून जाणाऱ्याला काय करतो हे मी शंभरदा ऐकले. तो मुलगा कशाने मेला, हे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही, आणि मीही कधी विचारले नाही. तो प्रश्न विचारणे हे या नव्या अमेरिकन भयकथेचे कार्य आहे.

इंग्रजी भयकथेच्या मुख्य परंपरेने तो प्रश्न फारसा विचारला नव्हता. त्या परंपरेतील एक थोर मानले गेलेले नाव म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट, त्यांच्या कल्पनाशक्तीचे सामर्थ्य नाकारता येत नाही, पण परक्या वंशांविषयीची किळस हीच त्यांच्या अनेक कथांतील भीतीची जननी आहे, हेही लपत नाही. जागतिक अद्भुतसाहित्य पुरस्काराचे चिन्ह म्हणून कित्येक वर्षे त्यांचाच अर्धपुतळा दिला जात असे. ज्या लेखकांच्या पूर्वजांना त्यांनी पशूंच्या पंक्तीत बसवले होते त्यांनी तो पुतळा आपल्या घरात कोठे ठेवावा, असा प्रश्न नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांनी तो पुरस्कार मिळाल्यावर उघडपणे मांडला; २०१५ साली त्या चिन्हाला निरोप देण्याचे ठरले. तोच पुरस्कार, नव्या चिन्हासह, २०२४ साली 'द रिफॉर्मेटरी'ला मिळाला.

आता कुमारांच्या पुस्तकांकडे वळू. माझ्या मते यांत सर्वांत धाडसी पुस्तक टिफनी डी. जॅक्सन यांचे 'द वेट ऑफ ब्लड' हे २०२२ सालचे. स्टीव्हन किंग यांच्या १९७४ सालच्या 'कॅरी'चा सांगाडा त्यांनी उघडपणे घेतला आहे: छळली जाणारी एकाकी मुलगी, शालेय वर्षाच्या अखेरीस होणारा प्रॉम नावाचा नृत्यसमारंभ, आणि तिच्या अंगी असलेली, केवळ इच्छामात्रे वस्तू हलवण्याची शक्ती. परंतु हे गाव जॉर्जिया राज्यातले आहे, आणि तेथे गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांचे दोन निरनिराळे समारंभ आजही होतात. वाचकाला ही अतिशयोक्ती वाटेल, ती नाही. त्याच राज्यातील विल्कॉक्स परगण्यात पालकांच्या खाजगी पुढाकाराने असे दोन समारंभ चालत आले होते, आणि २०१३ साली तेथील विद्यार्थिनींनी स्वतः पैसे जमवून सर्वांचा मिळून पहिला समारंभ घडवून आणला, ही वृत्तपत्रांत गाजलेली हकिकत आहे. जॅक्सन यांची नायिका मॅडी हिचे वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. वडिलांनी तिला जन्मभर गोरी म्हणून वाढवलेले आहे, आणि त्यासाठी तिच्या केसांवर तापलेली फणी फिरत आलेली आहे. एके दिवशी शाळेच्या मैदानावर अवचित पाऊस येतो, केस आपल्या मूळ रूपात उभे राहतात, आणि एवढ्याने तिचे सारे आयुष्य उघडे पडते.

केसांचा हा प्रसंग मी अनेकदा वाचला. रक्त, किंकाळी, मृत्यू यांपैकी त्यात काही नाही, आणि तरी संपूर्ण पुस्तकात याहून भीतिदायक असे काही नाही, कारण ज्या वयात आपले शरीर आपल्यालाच अनोळखी होऊ लागते, आरशासमोर उभे राहण्याची ओढ आणि धास्ती एकाच वेळी वाटते, त्याच वयात या मुलीला कळते की तिच्या शरीरावर एक आरोप फार पूर्वीपासून ठेवलेला आहे आणि साक्षीला तिचेच केस उभे राहणार आहेत. कुमारवय आणि भयकथा यांचे जे नाते आहे ते येथे दिसते. आपल्यात काहीतरी राक्षसी आहे की काय, ही शंका त्या वयात प्रत्येकालाच ग्रासते. वर्णद्वेषाने जखडलेल्या समाजात काही मुलांना ती शंका बाहेरून, शिक्षकांच्या नजरेतून, दुकानदाराच्या पाळतीतून, पोलिसाच्या हाकेतून, खरी आहे म्हणून सांगितली जाते.

जस्टिना आयर्लंड यांच्या 'ड्रेड नेशन' या २०१८ सालच्या कादंबरीत ऐतिहासिक कल्पनेचा विस्तार मोठा आहे. गेटिसबर्गच्या रणभूमीवर पडलेले सैनिक उठून चालू लागतात, यादवी युद्ध अर्धवट थांबते, आणि या चालत्या प्रेतांशी लढण्याचे शिक्षण कृष्णवर्णीय व आदिवासी मुलांना सक्तीने देण्याचा कायदा होतो, ज्यायोगे धनिक गोऱ्या कुटुंबांना शरीररक्षक मिळावेत. गुलामगिरी नावाने संपते आणि सनदशीर मार्गाने परत येते. या शाळांच्या कल्पनेमागे एक खरी संस्था उभी आहे: पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ साली एका लष्करी अधिकाऱ्याने उघडलेली आणि १९१८ पर्यंत चाललेली आदिवासी मुलांची निवासी शाळा, जिच्यात मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलणे हा गुन्हा ठरे. आपल्या घरांपासून शेकडो कोस दूर मरण पावलेल्या तेथल्या मुलांच्या कबरींच्या ओळी आजही पाहता येतात. आयर्लंड यांची शैली वेगवान आहे, नायिका जेन हजरजबाबी आहे, आणि कधीकधी साहसाच्या भरात दुःख मागे पडते. परंतु शाळा हे मुलांच्या संहाराचे साधन होऊ शकते, हा विचार चौदा वर्षांच्या वाचकाच्या मनात इतक्या सहजपणे रुजवणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही.

वर्णद्वेष हा केवळ अमेरिकेच्या दक्षिणेचा विषय राहिलेला नाही. ट्रॅंग थान ट्रॅन यांच्या 'शी इज अ हाँटिंग' या २०२३ सालच्या पुस्तकात व्हिएतनामी-अमेरिकन मुलगी फ्रेंचांनी दालात येथे बांधलेल्या घरात उन्हाळा काढते, आणि ते घर आपल्या जुन्या मालकांची भूक विसरलेले नसते.

आघात म्हणजे काय, हे वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केले. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या यातनांमुळे १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात आघातोत्तर विकाराला स्वतंत्र नाव मिळाले. त्याची जी लक्षणे तेथे नमूद आहेत, म्हणजे न बोलावता पुनःपुन्हा उभे राहणारे दृश्य, झोपेत येणारा तोच प्रसंग, विशिष्ट जागेपाशी गेले की अंगावर येणारा काटा, ती वाचताना कोणाही खेडुताला वाटेल की हे तर झपाटलेपणाचे वर्णन आहे. जे होऊन गेले ते होऊन गेलेले नाही, हाच दोहोंचा गाभा. म्हणून टोनी मॉरिसन यांना १९८७ साली 'बिलव्हेड' लिहिताना, मुलीला गुलामगिरीत परत जाऊ न देण्यासाठी स्वहस्ते मारणाऱ्या मातेची कहाणी भुताखेरीज सांगता आली नाही. १८५६ साली मार्गारेट गार्नर या स्त्रीने केलेल्या कृत्यावर ती आधारलेली आहे. त्या एका कादंबरीच्या सावलीतच आजचे हे सारे कुमारसाहित्य वाढले आहे, असे म्हणता येईल.

त्याहूनही लहान वाचकांसाठी लिहिणाऱ्या ज्युएल पार्कर रोड्स यांनी २०१८ साली 'घोस्ट बॉइज' मध्ये हे भूत किती कोमल हातांनी घडवता येते ते दाखवले. शिकागोतला जेरोम बारा वर्षांचा. खेळण्यातली बंदूक हातात असताना पोलिसाच्या गोळीने तो मरतो. २०१४ साली क्लीव्हलँड येथे टामिर राइस या बारा वर्षांच्या मुलाचा असाच अंत झाला होता. मेल्यानंतर जेरोमला भेटतो तो एमेट टिल, १९५५ साली मिसिसिपीत गोऱ्यांनी ज्याची हत्या केली तो १४ वर्षांचा मुलगा, ज्याच्या आईने जगाला दिसावे म्हणून शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला होता. जिवंतांपैकी जेरोमला पाहू शकते, त्याच्याशी बोलू शकते, अशी एक मुलगी लेखिकेने योजली आहे, आणि ती आहे गोळी झाडणाऱ्या पोलिसाचीच लेक. वडिलांवर प्रेम करणारी ती मुलगी आणि तिच्या वडिलांनी मारलेला तो मुलगा यांचे संभाषण वाचताना, न्याय आणि करुणा यांचा जो तिढा भल्याभल्या तत्त्वज्ञांना सुटत नाही तो शाळकरी मुलांपुढे ठेवण्याइतका विश्वास या लेखिकेला त्यांच्याविषयी वाटतो, याने माझे मन भरून आले.

मुलांविषयी हा विश्वास सर्वांना वाटत नाही. पेन अमेरिका या लेखकसंस्थेने २०२३-२४ या एका शालेय वर्षात शाळांतून पुस्तके हटवल्याच्या १०,००० हून अधिक घटना नोंदवल्या, आणि वर्णविषयक पुस्तकांचा त्यांत मोठा वाटा आहे. अशी पुस्तके मुलांना घाबरवतात, गोऱ्या मुलांच्या मनात अपराधीपणा निर्माण करतात, असा आक्षेप असतो. मला तो आक्षेप प्रामाणिक असेल तेथेही मान्य होत नाही. मुले भितातच; अंधाराला, माळ्याला, बंद खोलीला भितात. ज्या मुलाला रस्त्यात पोलिसाची मोटार दिसताच हात खिशाबाहेर काढण्याचे आईबापांनी शिकवले आहे, त्याला भय पुस्तकातून मिळालेले नाही. पुस्तकाने त्या भयाला नाव दिले आणि त्याचे कारण त्या मुलाच्या अंगात नसून बाहेर आहे, एवढे सांगितले.

मराठी वाचकाला हा सारा प्रपंच दूरदेशीचा वाटू नये. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अर्पण केली ती कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. आणि त्यानंतर ९९ वर्षांनी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव घेतले ते त्याच देशातील ब्लॅक पँथरपासून. ही दोन टोके मनात ठेवून 'घोस्ट बॉइज' कोणी मराठीत आणील, तर शाळाशाळांतील मुलांना ते परके वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

मारियानाला खोदकाम सुरू झाले तेव्हा ड्यू आपल्या कुटुंबीयांसह तेथे गेल्या होत्या. फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने २०१७ साली झाल्या प्रकाराची औपचारिक क्षमा मागितली, २०२४ साली हयात असलेल्यांसाठी दोन कोटी डॉलरची तरतूदही केली. जे हयात नव्हते त्यांच्यासाठी दुसरे काही करावे लागते. कादंबरीत रॉबर्टला एक थोरली बहीण आहे. भावाला आत नेल्याच्या क्षणापासून ती वकिलांच्या, अधिकाऱ्यांच्या, ओळखीपाळखीच्या दारोदार फिरते, तो सुटावा म्हणून जिवाचे रान करते, जीव धोक्यात घालते. तिचे नाव ग्लोरिया, आणि ते ड्यू यांच्या आईचे मधले नाव आहे. ती आई जन्मली १९३९ च्या डिसेंबरात, रॉबर्ट स्टीव्हन्स मातीआड झाल्यावर दोन वर्षांनी. त्या दोघांची कधी भेट होणे शक्यच नव्हते. लेकीने तिला काळात मागे नेऊन, त्याची बहीण करून, त्या फाटकाशी उभे केले आहे.